ओल्या अंगावरची ३ मिनिटं

कोपराच्या आतल्या बाजूला एक्झिमा, म्हणजे खाजरं इसब, गेली ११ वर्षं मुक्कामाला आहे. सुरुवातीला 'नैसर्गिक' म्हणून मी तिथे लिंबू चोळलं होतं. रात्रभर नुसती आग आग. लिंबूही नैसर्गिकच, म्हणा!

आता आंघोळ कोमट पाण्याने, १० मिनिटांच्या आत. खाज फार असेल तर ओट्सची पूड पाण्यात ढवळते. पाणी दुधासारखं पांढुरकं झालं की समजायचं, पूड पुरेशी बारीक आहे. तळाशी बसली तर परत मिक्सरमध्ये. साबण फक्त काखेत आणि पायांना. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं, आणि अंग दमट असतानाच, ३ मिनिटांत पेट्रोलियम जेली. ती ओलावा देत नाही, असलेला अडवून धरते. कोरड्या कातडीवर थापली तर नुसता चिकटा. चादरीवर डाग पडतात, पडू देत.

नवीन तेल आणलं की आधी मनगटाच्या वर थेंबभर लावून २ दिवस वाट बघते. नखं कायम बारीक, कारण झोपेत हात ऐकत नाही. परवा तरी ओरबाडलंच, चिघळलं. सध्या डॉक्टरांनी दिलेलं मलम आधी, जेली नंतर.