काराबाखचं युद्ध नुसतं ड्रोनचं नव्हतं

आर्मेनिया-अझरबैजान युद्धाचा विषय निघाला की आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येतं, अझरबैजान तुर्की ड्रोनमुळे जिंकलं. खोटं नाहीये ते. वरून कॅमेरा, खाली खंदकात रणगाडा, मधे फुली आणि मग धूर, ते ब्लॅक अँड व्हाइट व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितलेत. पण मला वाटतं त्या व्हिडिओंनी आपल्याला जरा जास्तच भुरळ घातली, कारण 2020 च्या त्या 44 दिवसांच्या युद्धामागे 26 वर्षांची तयारी होती आणि हरणाऱ्या आर्मेनियाने केलेला हलगर्जीपणाही होता.

थोडक्यात मागचं सांगतो. नागोर्नो-काराबाख म्हणजे सोव्हिएत काळात अझरबैजानमधला स्वायत्त भाग, वस्ती बहुतेक आर्मेनियन. 1988 ला तिथून आर्मेनियाला जोडायची मागणी आली, दंगली झाल्या, मग सोव्हिएत युनियनच फुटलं आणि सरळ युद्ध पेटलं. मे 1994 ला युद्धबंदी झाली तेव्हा काराबाख तर आर्मेनियन लोकांच्या ताब्यात होताच, वर आजूबाजूच्या सात जिल्ह्यांचाही बहुतेक भाग. तिथल्या लाखो अझेरींनी (म्हणजे अझरबैजानी लोकांनी) घरदार सोडलं, अगदाम नावाचं अख्खं शहर ओसाड पडलं. असा अपमान कुठला देश विसरतो?

अझरबैजानकडे तेल होतं. 2006 ला बाकू-तिबिलिसी-जेहान पाइपलाइन सुरू झाली, पैसा आला आणि तो त्यांनी बऱ्यापैकी डोकं लावून खर्च केला, रशियाकडून रणगाडे, इस्रायलकडून हारोप, म्हणजे लक्ष्यावर स्वतःच जाऊन आदळणारे ड्रोन, शेवटी तुर्कस्तानकडून बायरक्तार टीबी2 हे मिसाइल सोडणारे ड्रोन आणि जोडीला ट्रेनिंग. इकडे आर्मेनिया छोटा, तुर्कस्तान आणि अझरबैजान दोन्हीकडच्या सीमा बंद, सगळा भरवसा रशियावर. त्यात जिंकलेल्या सैन्याला होतो तो आजार, की डोंगर आपले, खंदक आपले, 94 ला हरवलंय ना, मग परत हरवू. एप्रिल 2016 मधे चार दिवसांची चकमक झाली त्यात हारोप वापरले गेले होते, म्हणजे पुढे काय येणार ते दिसलं होतं की.

आणि मग आर्मेनियाने घेतलं काय तर सुखोई लढाऊ विमानं! चार सुखोई-30 एसएम, 2019 च्या शेवटी आली, मिसाइलशिवाय. हे मी नाही म्हणत, पंतप्रधान पाशिन्यान यांनी युद्धानंतर स्वतः कबूल केलं की मिसाइल घ्यायला वेळच मिळाला नाही. युद्धात ती विमानं काही उपयोगाची ठरली नाहीत. एवढ्या पैशात एअर डिफेन्सचं काहीतरी नक्की झालं असतं, कारण खरं भोक तिथेच होतं. ओसा, स्ट्रेला-10 या सोव्हिएत काळातल्या सिस्टिम, विमानं आणि हेलिकॉप्टर पाडायला बनवलेल्या, उंचावरून हळू उडणारा छोटा ड्रोन त्यांना सापडायची मारामार. वर अझरबैजानने जुनी एएन-2 विमानं, दोन पंखांची, शेतावर फवारणी करायची, ती बिनपायलटची करून पुढे सोडली. आर्मेनियाने त्यांच्यावर मारा केला की आर्मेनियन एअर डिफेन्सची जागा उघडी, मग वरून टीबी2 किंवा हारोप. स्वस्त आणि हुशार, मला तर या युद्धातली हीच ट्रिक सगळ्यात भारी वाटते.

पण जमीन ड्रोन घेत नाही ना. 27 सप्टेंबरला हल्ला सुरू झाला, उत्तरेच्या डोंगरात फारसं काही हललं नाही, दक्षिणेला इराणच्या सीमेलगत अराझ नदीच्या सपाट पट्ट्यात मात्र आघाडी फुटली. तिथून जब्राईल, झांगिलान करत अझेरी सैन्य उत्तरेला वळलं आणि शुशाकडे निघालं. शुशा म्हणजे कड्यावरचं शहर, खाली काराबाखची तेव्हाची राजधानी स्तेपानाकेर्त आणि जवळून आर्मेनियाला जाणारा लाचिनचा रस्ता, शुशा ज्याच्या हातात त्याच्या हातात काराबाख. 1992 ला आर्मेनियन सैन्याने ते असंच चढाई करून घेतलं होतं. या वेळी अझरबैजानच्या स्पेशल फोर्सेस हलकी शस्त्रं घेऊन जंगलातून पायी गेल्या, कडे चढल्या, गल्लीबोळात लढल्या. 8 नोव्हेंबरला अझरबैजानने शुशा घेतल्याचं जाहीर केलं आणि एक-दोन दिवसांत रशियाच्या मध्यस्थीने युद्ध थांबलं. दोन्हीकडचे मिळून साडेसहा हजारांच्या वर सैनिक गेले. पुढे सप्टेंबर 2023 मधे उरलेलं काराबाखही एका दिवसाच्या लढाईत गेलं आणि एक लाखावर आर्मेनियन लोक तिथून निघून गेले.

आता आर्मेनिया भारताकडून शस्त्रं घेतो, त्यात पिनाक रॉकेट आहे, जे आपल्या पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने डेव्हलप केलंय. बातमी आली तेव्हा पुणेकर म्हणून छाती फुगली, नाकारत नाही. पण पिनाक काही ड्रोन पाडत नाही, त्यामुळे त्यांनी हवेतलं लक्ष्य पाडणारं आकाश मिसाइलही घेतलं हे वाचून जास्त बरं वाटलं.