गल्ल्याजवळ उभा दिसलेला माणूस

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक जोरात होती. दिवाळी आठवड्यावर आली असताना एका आडत दुकानाच्या मालकांचा सकाळी सातलाच फोन आला; त्यांच्या दुकानातले सीसीटीव्ही कॅमेरे माझ्याकडे असतात. शेतकऱ्यांच्या पट्टीसाठी काढून ठेवलेली रोख रकमेची पिशवी आदल्या संध्याकाळी गल्ल्यावरून नाहीशी झाली होती आणि कॅमेऱ्यात तिच्याजवळ उभे दिसत होते ते त्यांच्याकडे अनेक वर्षे पोती वाहणारे एक हमालमामा. "फौजदारसाहेब येऊन बसलेत, तेवढा भाग पेन ड्राइव्हवर काढून द्या," एवढेच काम त्यांनी सांगितले.

मी पोहोचलो तेव्हा मामा ओट्याखाली उकिडवे बसले होते. खांद्यावरचे फडके त्यांनी दोन्ही मुठींत पिळून धरले होते. मला पाहून ते एवढेच म्हणाले, "साहेब, म्या तवाच भाईर पडलो होतो." त्यांच्या बोलण्यावर तिथे कोणाचाही विश्वास उरला नव्हता, कारण सगळ्यांनी 'डोळ्यांनी' पाहिले होते.

मीही पाहिले. मामा गल्ल्याजवळ उभे आहेत, वरच्या कोपऱ्यातली वेळ पुढे सरकते आहे, मध्येच गल्ल्याच्या कडेला एक मळकट डाग हलतो, मामा मात्र जागचे हलत नाहीत. मग 18:41:22 ला चित्र एकदम लख्ख होते आणि मामाही नाहीत, पिशवीही नाही. पाहणाऱ्याने दुसरा काय अर्थ काढावा? पण जिवंत माणूस तेरा सेकंद इतका निश्चल राहत नाही; पोती वाहून दमलेला तर नाहीच. मी चित्र मागे घेऊन सावकाश चालवले, तेव्हा सेकंदाचा आकडा 06 वरून थेट 09 वर गेलेला दिसला आणि त्या 09 च्या कडा फाटल्यासारख्या होत्या. फ्रेमच्या, म्हणजे एकेका चित्राच्या, वेळांची यादी काढली. सेकंदाला 15 चित्रे, म्हणजे दोन चित्रांत सुमारे 67 मिलिसेकंदांचे अंतर हवे. तिथे जवळजवळ तीन सेकंदांची पोकळी होती.

ही पोकळी का पडली आणि तिने इतका अनर्थ का केला, हे सांगताना मला माझी स्वतःची चूकही सांगावी लागली. 1920 बाय 1080 मापाची 15 चित्रे जशीच्या तशी साठवली तर दर सेकंदाला सुमारे 47 मेगाबाइट जागा लागेल. आम्ही ती 2 मेगाबिटांत, म्हणजे पाव मेगाबाइटमध्ये बसवतो. 2003 साली आलेल्या एच.264 ने आणि 2013 मधल्या एच.265 ने, म्हणजे व्हिडिओ आकसून साठवायच्या पद्धतींनी, हे शक्य केले, ते मुख्यतः न बदललेला भाग पुन्हा न पाठवून. तरीही आठ कॅमेऱ्यांचे दिवसाला सुमारे 173 जीबी होतात आणि 4 टीबीची डिस्क 23 दिवसांत भरते. मालकांना 30 दिवस हवे होते, मोठ्या डिस्कचा खर्च नको होता. म्हणून मी बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवायचा डेटा, आणखी उतरवला आणि पूर्ण चित्र, ज्याला आम्ही आय-फ्रेम म्हणतो, ते 20 सेकंदांतून एकदाच येईल असे ठेवले. त्यात हा गल्ला रस्त्यापलीकडच्या गाळ्यात, चित्रे साठवणारा रेकॉर्डर अलीकडच्या दुकानात आणि मधला दुवा वायरलेस. हंगामात तिथे मालाचा ट्रक आडवा लागला की डेटाची पाकिटे, म्हणजे त्याचे छोटे तुकडे, गळतात, आणि आमची जोडणी होती त्या यूडीपी पद्धतीत गळालेले पाकीट पुन्हा मागितले जात नाही.

फौजदारांना हे मी समोरच्या रोजमेळाच्या वहीवरून समजावले. आय-फ्रेम म्हणजे मोजून लिहिलेली आरंभीची शिल्लक. पुढच्या पी-फ्रेम, ज्यांत फक्त बदललेला भाग असतो, त्या म्हणजे नुसत्या जमा-नावेच्या नोंदी. मधले एक पान फाटले, तर पुन्हा रोकड मोजेपर्यंत पुढची प्रत्येक शिल्लक चुकतच जाणार, जरी त्यानंतरची एकूण एक नोंद खरी असली तरी. मामा दारातून बाहेर पडले ते नेमके त्या फाटलेल्या पानावर. त्यानंतर कॅमेऱ्याला समोर मोकळी भिंत दिसत होती. भिंतीत काही बदलत नव्हते, म्हणून तो प्रत्येक चित्रात सांगत राहिला, 'इथे मागचेच ठेवा.' कॅमेऱ्याच्या लेखी मागचे म्हणजे भिंत होती. रेकॉर्डरपाशी मागचे म्हणून जे होते, त्यात मामा उभे होते. वेळेचे आकडे दर सेकंदाला बदलतात, त्यामुळे त्यांच्या नोंदी येत राहिल्या आणि घड्याळ चालूच राहिले. त्या चालत्या घड्याळानेच सगळ्यांची खात्री पटवली होती.

मालक म्हणाले, "हे झालं तुमचं शास्त्र. पुरावा?" त्यांचे म्हणणे रास्त होते. सुदैवाने त्या कॅमेऱ्यात मी एसडी कार्ड टाकून ठेवले होते, म्हणजे चित्रे कॅमेऱ्यातच वेगळीही साठत होती, आणि कार्डाच्या वाटेत ट्रक येत नाही. शिडी लावून कार्ड काढले, फौजदारांच्या समोर त्याची प्रत केली, दोन्हींची हॅश किंमत, म्हणजे फाइलमध्ये काही बदलले तर बदलणारा आकडा, जुळवून कागदावर लिहिली, आणि मग चित्र लावले. त्यात 18:41:07 ला मामा वळतात आणि 08 ला त्यांचा मागचा पाय उंबऱ्याबाहेर पडतो. 15 ला दुसऱ्याच कोणाचा तरी करड्या बाहीचा हात गल्ल्यावर येतो. रेकॉर्डरमधला मळकट डाग तो हाच. तो कोणाचा, हे ओळखणाऱ्यांनी ओळखले. पुढचे काम पोलिसांचे होते आणि त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

दुपारीच मी सगळ्या कॅमेऱ्यांची आय-फ्रेम दर सेकंदाला येईल असे केले आणि जोडणी टीसीपीवर घेतली, ज्यात गळालेले पाकीट पुन्हा मागितले जाते. बिटरेट 3 मेगाबिटांवर नेल्यावर 30 दिवसांना 7.8 टीबी लागतात, म्हणून मालकांनी 8 टीबीची डिस्क मागवली. या वेळी त्यांनी भाव केला नाही. वायरलेसऐवजी फायबर ओढायचे काम दिवाळीनंतर झाले.

निघण्याआधी मामांना आत बोलावून मी ते चित्र दाखवले. त्यांनी पडद्याजवळ वाकून उंबऱ्याबाहेरच्या आपल्या पायावर बोट ठेवले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे असंच थांबवून ठिवा साहेब. आमचा मुकादम यायलाय, त्याला बी बघू द्या." मुकादम आणि टोळीतले आठ-दहा जण येऊन एकेक करून पाहून जाईपर्यंत मी ते चित्र तसेच थांबवून ठेवले.