आमची वाटचाल : खेर्डीतलं गॅरेज आणि भिंतीवरची रेघ

गॅरेजच्या मागच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या हातभर वर एक मातकट रेघ आहे, रंग लावताना पेंटर म्हणाला घालवू का, म्हटलं राहू दे. २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी तिथवर चढलं होतं. चिपळूणकरांना तारीख समजावून सांगायला लागत नाही. पण आमचा मुलगा म्हणतो पप्पा तुम्ही दरवेळी पुरापासनंच सुरू करता, म्हणून आधी मागचं सांगतो.

१९९८ ला कराड रोडला पत्र्याची शेड टाकली, मी आणि पार्टनर. पार्टनर माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, लोट्याला कंपनीत मेन्टेनन्सला होता ते सोडून आला. भांडवल म्हणजे त्याचे फंडाचे पैसे आणि माझा तापडियाचा पान्यांचा सेट. त्यातला १३ चा रिंग पाना अजून तोच आहे, बाकीचे कुणी कुणी नेले. पार्टनरची एक खोड होती, जॉबकार्डावर त्याने हाताने एक रकाना आखलेला, "का गेलं?" पार्ट कुठला बदलला ते नाही, का गेलं ते. तो भरल्याशिवाय बिल करायचं नाही. मला तेव्हा वैताग यायचा, गिऱ्हाईक दारात उभं आणि हा मोठा पेचकस इंजिनाला टेकवून दांडा कानाला लावून ऐकत बसलाय.

टर्बो तेव्हा मोठ्या गाड्यांचं प्रकरण होतं. २००७ ला स्विफ्ट डिझेल आली आणि दोन-तीन वर्षांत आळीआळीत टर्बो शिरला. लोकांना वाटतं ते काहीतरी वेगळं मशीन आहे, अहो एकाच दांड्यावर दोन पंखे आहेत, एकाला सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर फिरवतो आणि दुसरा हवा दाबून इंजिनात ढकलतो. फक्त तो दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो आणि बहुतेक गाड्यांत त्याला बॉल बेअरिंग नसतं, बुशमध्ये ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. म्हणजे ऑइल गेलं की दांडा गेला. म्हणून सांगतो, कुंभार्ली घाट चढून घाटमाथ्याला वडापावला थांबता ना, तिथे गाडी लगेच बंद नका करू. चढाला टर्बो तापून लालभडक झालेला असतो, इंजिन बंद केलं की ऑइल पंप बंद, आत अडकलेलं ऑइल करपून कोळसा होतं. मिनिटभर आयडलवर, म्हणजे रेस न देता नुसती चालू ठेवा, तोवर बायको उतरून ऑर्डर देईल. बाजारातून हळूहळू घरी आलात तर गरज नाही, तिथे पण काही जण पाच-पाच मिनिटं घरघरवत ठेवतात आणि शेजारी आम्हाला शिव्या घालतात. आणि सकाळी सेल मारल्या मारल्या रेस करायची नाही, ऑइल वरपर्यंत पोचू दे.

आता आमचं हत्यार. टर्बो चेक करायला लोकांनी महागाची मशीनं घेतली, पार्टनरने पीव्हीसी पाइपचं बूच घेतलं, त्याला भोक पाडून ट्यूबलेसचा व्हॉल्व बसवला, झालं. एअर फिल्टरचा पाइप काढून टर्बोच्या तोंडावर ते बूच क्लॅम्पने आवळायचं, कॉम्प्रेसरने १५ पीएसआय दाबाची हवा भरायची, त्याच्या वर जायचं नाही, आणि सगळ्या पाइपांवर साबणाचं पाणी मारायचं. इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा पाइप जिथे चिरलाय तिथे बुडबुडे येतात. काळा धूर, पिकअप नाही, शिट्टीसारखा आवाज, यातल्या निम्म्या गाड्या त्या बुचावर सुटल्या. चार साइजची बुचं आहेत, खिळ्याला टांगलेली. त्याच्या शेजारी हातपंप, व्हॅक्युमचा, ॲक्च्युएटरची, म्हणजे व्हॅक्युमवर चालून टर्बोचा जोर कमी-जास्त करणाऱ्या डबीची दांडी सरसर हलते की अडकते बघायला. आणि दांड्याचा बारीक खेळ मोजायला डायल गेज, तो मात्र नवा घेतला, दांड्याचा खेळ बोटाने हलवून सांगणारे मेकॅनिक मला पटत नाहीत.

पटत नाहीत यावरनं आठवलं. आमच्याकडे एक पोरगा होता, चार वर्षं शिकला, हात चांगला, नंतर हायवेला स्वतःचं टाकलं. नाव घेत नाही. टाकलं याचं दुःख नाही, आम्ही पण तसंच टाकलं. पण त्याच्याकडे प्रत्येक गाडीचा टर्बो गेलेलाच असतो. पावसाळ्यात उंदीर बॉनेटमध्ये शिरून व्हॅक्युमचा पाइप कुरतडतो, कोकणात हे दर वर्षीचं, गाडी ओढत नाही. एका मास्तरांना त्याने ३८ हजार सांगितले होते, माझ्याकडे ६० रुपयांच्या पाइपात काम झालं. मास्तर त्याला जाऊन बोलले आणि तेव्हापासून मी त्याच्या डोळ्यात.

मग तात्यांचं प्रकरण झालं. तात्या म्हणजे गुहागरकडचे, आमचं पहिलं गिऱ्हाईक, शेडला पत्रे मारत होतो तेव्हा टेम्पो घेऊन आलेले. शिमगा झाला की आंबा, रात्री पेट्या भरून वाशीला, परशुराम घाट, कशेडी घाट, पहाटे मार्केटला. एका एप्रिलमध्ये पिकअप निळा धूर ओकायला लागली, मी नेमका भाचीच्या लग्नाला सांगलीला, तात्यांना थांबायला वेळ नाही, गेले हायवेला. नवा टर्बो बसला. तीन आठवड्यांत तो पण गेला, भर कशेडीत, ८० पेट्या आत. परत आले तेव्हा नुसतं म्हणाले, "मेल्या, लग्नात जेवलास ना पोटभर?"

मी टर्बोला हात लावायच्या आधी त्याला ऑइल पोचवणारा फीड पाइप सोडवला. तो पाइप जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टचं भोक कार्बनने गच्च, सुई जाईना. म्हणजे पहिला टर्बो तहानेने मेला आणि दुसरा त्याच कोरड्या नळाखाली आणून बसवलेला. पाइप नवा, बोल्ट नवा, परतीची लाइन साफ, इंटरकूलर काढून आतलं ऑइल ओतलं, ते जवळजवळ ग्लासभर निघालं, ते तसंच राहिलं तर डिझेल इंजिन तेच ऑइल ओढून स्वतःच रेस होत सुटतं, चावी काढली तरी थांबत नाही. ऑइल-फिल्टर बदलला, नव्या टर्बोत पिचकारीने ऑइल भरून हाताने फिरवला, मग जोडला. जॉबकार्डावर पार्टनरने लिहिलं, "का गेलं? घाई." ते कार्ड पुरात गेलं.

नंतरची बरीच वर्षं धंदा बरा चालला, लिफ्ट घेतली, गाडीच्या कॉम्प्युटरमधला फॉल्ट वाचणारा स्कॅनर घेतला. पार्टनर गुडघ्यांमुळे गावी गेला.

पुराची पहाट. मी वरच्या अंगाला राहतो, फोन आला तेव्हा गॅरेजपर्यंत पोचताच येईना. आत सहा गाड्या होत्या. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर स्कॅनर, कॉम्प्रेसर, लिफ्टची मोटार, सगळं चिखलात, पान्यांवर दोन दिवसांत गंज. बुचं तेवढी खिळ्याला तशीच, प्लॅस्टिकला काय होतंय. सगळ्या मालकांना एकच निरोप दिला, सेल मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची वायर काढा आणि थांबा. पाच जण थांबले. सहाव्याचा मेहुणा येऊन सेल मारून गेला, एक खट्ट आवाज, संपलं, आणि पैसे माझ्याकडे मागितले. पाचही गाड्यांचे इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवून पाणी काढलं, ऑइल दोनदा बदललं, टर्बो उतरवून आतला गाळ ब्रशने धुतला. सव्वा महिना. भाडं, बँकेचा हप्ता चालूच. त्याच वेळी हायवेवरच्या त्या पोराकडनं अफवा उठवली की खेर्डीला पुरात भिजलेले पार्ट धुऊन बसवतात. ज्यांच्या गाड्या मी रात्री अडीचला ढकलून आणल्यात ते लोक सरळ पुढे जाऊ लागले. हे मी विसरलो नाही, विसरणार पण नाही. शटर विकायला काढलं होतं, खरंच, गिऱ्हाईक पण आलं होतं बघायला.

तेव्हा तात्या पिकअप घेऊन आले, गाडीला काही झालेलं नव्हतं. म्हणाले सर्व्हिसिंग कर. म्हटलं तात्या, हवा भरायला कॉम्प्रेसर नाही. तर मागे ताडपत्रीखाली कुणाकडनं तरी आणलेला कॉम्प्रेसर. "भाडं नको, गणपतीला चाकरमान्यांच्या गाड्या येतील त्या कर."

आता तात्यांची नवी पिकअप बीएस ६, तिला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, त्यामुळे कंपनीने पुस्तकात लिहिलंय त्याच ग्रेडचं ऑइल घालायचं, ड्रमातलं सुट्टं नाही. चिरेखाणीवर गाडी जात असेल तर एअर फिल्टर ५ हजार किलोमीटरला काढून बघा, तांबडी धूळ पंख्याची पाती खाते, आणि कॉम्प्रेसरचा जोरात झोत मारून कागद फाडू नका. मुलगा म्हणतो हे सगळं इथे कशाला लिहिता. जॉबकार्डं आता कॉम्प्युटरवर झालीत, त्यात तो "का गेलं?"चा रकाना त्याने टाकला नव्हता, मागच्या महिन्यात भांडून टाकायला लावला.