कयाक लॉग: तारा निघाल्या, ग्लास झाला, होडी खाडीत गेली

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा हल, म्हणजे होडीचा खालचा सांगाडा, नुसता तारांनी शिवून दोन लाकडी घोड्यांवर (स्टँडवर) ठेवलेला होता. आता तारा निघाल्या, आतून-बाहेरून ग्लास (इपॉक्सीत भिजवलेलं फायबरग्लासचं कापड) झाला, डेक म्हणजे वरचा भाग बसला, वार्निश वाळलं आणि रेवदंड्याच्या खाडीत पाण्यातही जाऊन आली. त्यामुळे हा अपडेट लांबणार, चहा घेऊनच बसा.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, 14 फूट लांब, 28 इंच रुंद, 4 मिमी प्लाय, स्टिच अँड ग्लू, म्हणजे प्लायच्या फळ्या तारेने शिवून इपॉक्सीने चिकटवायच्या. राहतो ठाण्यात, गावचं घर अलिबाग तालुक्यात, म्हणजे जे काही होतं ते वीकेंडला आणि पडवीत.

आधी प्लायबद्दल, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच झाली. दुकानात जाऊन "मरीन प्लाय" म्हटलं की समोर येतो किचन ट्रॉलीचा 18 मिमी, आणि 4 मिमी मागितला की दुकानदार विचारतो फोटोफ्रेमची पाठ करताय का. शिक्का आयएस 710 चाच बघा, त्याची परीक्षा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून घेतात. आयएस 303 मध्ये बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) मिळतो तो फर्निचरला ठीक आहे, होडीला नको. पण नुसत्या शिक्क्यावर विसंबू नका, शीटची कड नीट बघा, आतल्या थरांत फटी दिसल्या तर ते शीट तिथेच ठेवून या, कारण प्लाय वाकवताना तो बरोबर त्याच फटीवर तडकतो. मी दोन-तीन दुकानांतून पट्ट्या आणून घरी पातेल्यात तासन् तास उकळल्या, वाळवल्या, वाकवून बघितल्या. प्लाय कळला, ते पातेलं मात्र आईने परत स्वयंपाकघरात घेतलं नाही.

परदेशातल्या प्लॅन्समध्ये सगळीकडे ओकूमे लिहिलेलं असतं, ते आफ्रिकेतलं हलकं लाकूड, इथे मिळालं तरी भाव ऐकून परत यावं लागतं. आपल्याकडे गर्जन फेसचा (वरचा थर गर्जन लाकडाचा) मिळतो, तो त्याच मापात जवळपास दीडपट जड पडतो. मला चाललं, मी होडी खांद्यावरून नेत नाही, सायकलच्या चाकांची ट्रॉली केलीये. पण ज्यांना तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने उतरवायचीये त्यांनी आधीच वजनाचा हिशोब करा.

शीट 8 फुटांचं आणि होडी 14 ची, म्हणजे जोड आलाच. स्कार्फ, म्हणजे दोन्ही कडा उतरत्या तासून एकमेकींवर चिकटवलेला जोड, 1:8 चा, म्हणजे 4 मिमी प्लायला 32 मिमीचा उतार. शीटं एकावर एक पायऱ्यांसारखी मागे सरकवून लावायची, सी क्लॅम्पने घट्ट आवळायची आणि सगळ्यांवरून एकदमच रंधा मारायचा. गंमत अशी की प्लायचे थर उतारावर पट्ट्यांसारखे दिसायला लागतात आणि त्या पट्ट्या सरळ, समांतर दिसल्या की उतार बरोबर आला समजायचं, मोजपट्टी लागतच नाही. पट्टी कुठे वाकडी-तिकडी गेली तर रंधा तिथे जास्त खातोय. रंध्याचं पातं मात्र धारदार पाहिजे, प्लायमधला ग्लू पात्याची धार फार लवकर मारतो, मी अर्धा वेळ दगडावर पातं घासत बसलेलो.

शिवायला घराच्या वायरिंगची उरलेली तांब्याची तार, वरचं प्लास्टिक सोलून. कडेपासून 6-7 मिमी आत, साधारण 4 इंचांवर एकेक भोक. सपाट पडलेल्या फळ्या तार पिळत पिळत उभ्या राहतात आणि तासाभरात समोर होडी दिसायला लागते, या कामात एवढी झटपट दिसणारी प्रगती परत कधी मिळत नाही, त्यामुळे फोटो तेव्हाच काढून घ्या. हाताने मोडेल असा तो 4 मिमीचा प्लाय दोन दिशांनी वाकून बसला की इतका ताठ होतो की आपलाच विश्वास बसत नाही. ताकद लाकडाच्या जाडीत कमी आणि वळणात जास्त आहे, त्यामुळे वळण एकसारखं आलंय की नाही हे बघण्यात मी हवा तेवढा वेळ घालवला. पुढून, मागून, जमिनीवर आडवं पडून एक डोळा मिटून बघायचं, जिथे तार जास्त आवळल्यामुळे कड आत ओढली गेलीये तिथे ती सैल करायची.

ही पद्धत लोकांपर्यंत नेली ती ब्रिटनमधल्या मिरर डिंगीने, 1960 च्या दशकात, एका वर्तमानपत्राने ती होडी घरच्या घरी बांधता येईल अशी किटमध्ये आणली होती. पण शिवलेली होडी आपल्याला नवीन नाही. अरबी समुद्रावर फळ्या काथ्याने शिवून जहाजं बनायची, खिळा नाही. गोव्यात बांधलेलं आयएनएसव्ही कौंडिण्य 2025 मध्ये नौदलात आलं, ते अजिंठ्याच्या चित्रावरून काढलंय आणि त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. फरक एवढाच की तिथे शिवण हाच सांधा, तो कायम राहतो आणि लाटेवर थोडा लवतो. आपल्या होडीत तार फक्त इपॉक्सी घट्ट होईपर्यंत, मग ती ओढून काढायची. निघत नसेल तर सोल्डरिंग गनचं टोक तारेला लावा, इपॉक्सी मऊ पडतो आणि पकडीने तार सरळ बाहेर येते.

आता इपॉक्सी. कोकणात हे काम करणाऱ्याने प्लॅनच्या आधी हवामान बघावं. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त मिळतं, एफआरपीच्या (फायबरग्लासच्या) टाक्या त्यानेच करतात, पण लाकडाला ते इपॉक्सीसारखं धरत नाही, तो मोह टाळा. इपॉक्सी वजनावर मोजायचा, किचनचा डिजिटल काटा पुरतो, आणि पंपाने मोजायचं असेल तर डब्यावर दिलेलं प्रमाण वजनाचं आहे की आकारमानाचं ते आधी वाचा. उन्हाळ्यात 34-35 डिग्रीला कपात ठेवलेला रेझिन बघता बघता तापतो, धूर सोडतो आणि दगड होतो, म्हणून थोडा थोडा कालवायचा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचा. दमट हवेत वर मेणचट तेलकट थर येतो, त्याला अमाइन ब्लश म्हणतात, तो पॉलिश पेपरने घासायचा नाही, नुसता आत दाबला जातो. आधी साध्या पाण्याने आणि स्क्रबरने धुवायचा, पुसायचा, मगच सँडिंग. पावसाळ्यात मी ग्लासचं काम बंदच ठेवलं, त्या वेळात वल्हं केलं.

अजून एक, आणि हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. कोटिंग सकाळी करायचं नाही, संध्याकाळी करायचं. सकाळी लाकूड तापत जातं, आतली हवा फुगते आणि ओल्या इपॉक्सीतून बुडबुडे वर काढते. ऊन उतरल्यावर लाकूड गार होत असतं, हवा आत ओढली जाते आणि सोबत रेझिनही लाकडात मुरतो. फिलेटसाठी, म्हणजे सांध्याच्या आतल्या कोपऱ्यात भरायच्या गोलसर लेपासाठी, इपॉक्सीत बारीक लाकडाचा भुसा आणि सिलिका, घट्ट चक्क्याइतकं झालं की बरोबर, चमचा उलटा केला तरी पडलं नाही पाहिजे. हातमोजे नायट्राइलचेच घ्या, हार्डनरची अॅलर्जी एकदा बसली की आयुष्यभर सुटत नाही आणि मग छंदच सोडावा लागतो. धुळीचा मास्कही त्यातच आला, अर्धवट वाळलेल्या इपॉक्सीची धूळ तर अजिबात नको. आणि वार्निश यूव्हीवालं, कारण उन्हात इपॉक्सी पिवळा पडून पावडर होतो.

वल्हं ग्रीनलँड पद्धतीचं, पॅकिंगच्या पाइनवुडमधून, गाठी नसलेला तुकडा मिळेपर्यंत वखारवाल्याचा भरपूर वेळ खाल्ला. लांबीचं माप आपल्याच अंगाचं, दोन्ही हात पसरून जेवढं होतं त्यात कोपरापासून बोटांपर्यंतचं मिळवायचं. पातं मुठीत मावेल एवढंच रुंद, साधारण साडेतीन इंच. बारीक दिसतं म्हणून लोक हसतात, पण दोन तासांनी खांदे त्याला धन्यवाद देतात.

पाण्यावरचं. आधी कमरेएवढ्या शांत पाण्यात मुद्दाम उलटायची प्रॅक्टिस, परत परत, मित्र शेजारी उभा, लाइफ जॅकेट अंगात. उलटल्यावर वर यायची घाई न करता पुढे वाकून कॉकपिटच्या (बसायच्या जागेच्या) कडेला हात लावून ढुंगण बाहेर ढकलायचं, एवढंच. मग वल्ह्याच्या टोकाला फ्लोट लावून परत चढायचं, ते मात्र दमवतं. पुढच्या-मागच्या हवाबंद खणांमुळे उलटली तरी होडी तरंगत राहते, ते खण नसते तर पाणी भरलेली कयाक एकट्याने उचलणं अशक्य. बसल्यावर पहिल्यांदा जे डुगडुगतं ते घाबरण्यासारखं नाही, थोडी कलली की चाइनवर (तळ आणि बाजू मिळतात त्या कडेवर) टेकून थांबते, फक्त कंबर सैल सोडायला शिकावं लागतं. आपण अंग ताठ केलं की ते डुगडुगणं थेट डोक्यापर्यंत येतं आणि मग गेलाच. आणि वल्हं हाताने मारायचं नाही, धड फिरवायचं, हे तोंडाने बोलायला सोपं.

भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट, हे आजोबांचं गणित मी आता रोज वापरतो. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मुंबई-अलिबागकडे अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जमतं, नक्की वेळेला भरतीचा तक्ता बघायचाच. शिकताना मी भांगाचे (भरती-ओहोटीत फरक कमी असतो ते) दिवस घेतले, उधाणाला सालवच्या पुलाखाली पाणी चांगलंच पळतं, त्यातही भरतीचा तिसरा-चौथा तास सगळ्यात जोराचा. निघायचं भरती संपत आली की, पाण्याबरोबर वर रोह्याच्या दिशेला, आणि ओहोटी सुरू झाली की तिच्याबरोबर परत. उलटं केलं तर दमलेल्या हातांनी कोर्लईच्या बाजूला, खाडीच्या तोंडाकडे वाहत जाण्याची पाळी. उशीर केला तर ओहोटीला गुडघाभर चिखल, आणि जेट्टीच्या दगडांवरची कालवं नव्या वार्निशला जे करतात ते बघवत नाही, म्हणून मी किलच्या (तळाच्या मधल्या कण्याच्या) खाली ग्लासची जादा पट्टी मारलीये.

जेट्टीवर एक कोळी काका रोज जाळं विणत बसलेले असतात, त्यांनी होडी एका हाताने उचलून बघितली आणि म्हणाले, "होरी हलकी हाय, वाऱ्यानं नेईल." खरंच नेते. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की नाक आपोआप वाऱ्याकडे वळतं, एकाच बाजूला वल्हं मारून मारून तो हात भरून येतो. एजिंगने (होडी एका कडेवर कलती धरून) थोडं सावरतं, पण स्केग, म्हणजे मागे खाली सोडायचं छोटं पातं, लागणारच. तोपर्यंत अकराच्या आत काठावर. आणि वारा समुद्राकडून, ओहोटी समुद्राकडे, असं जुळलं तर लाटा आखूड आणि उभ्या होतात, त्यात नवशिक्याने जायचं कामच नाही.

कोलाडला नेणार का असं दोघातिघांनी विचारलं. नाही. नदी तीच कुंडलिका, जिच्या तोंडाशी ही रेवदंड्याची खाडी आहे, पण तिथलं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडतात त्यावर चालतं, त्या उसळत्या खडकाळ पाण्याला आखूड, प्लास्टिकची कयाक लागते. माझी 14 फुटी तिथे दगडावर आडवी बसली तर मधून मोडेल.

पुढचं काम स्केगचा खण, तो मागच्या खणात कापून बसवायचाय म्हणजे हवाबंदपणा परत तपासावा लागणार. साबणाचं पाणी लावून आणि झाकणातून हळू फुंकून बघतो, बुडबुडा आला तिथे गळती. सीटचा फोमही बदलायचाय, आत्ताचा पाणी पितो. त्यानंतरची होडी पट्ट्यांची (बारीक लाकडी पट्ट्या जोडून वर ग्लास) करायची असं डोक्यात आहे, दिलीप दोंदे ज्या म्हादेईतून 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले तीसुद्धा लाकडी गाभ्यावर फायबरग्लास अशीच, दिवाडीला बांधलेली. त्यासाठी हलकं, सरळ रेषेचं, निदान 8 फुटी लाकूड पाहिजे. देवदार परवडत नाहीये आणि साग जड. कोणी शिवण झाडाचं किंवा दुसरं कुठलं हलकं लाकूड 6 मिमीच्या पट्ट्या काढून वापरलं असेल तर करवतीत किती वाया गेलं आणि वाकवताना किती तुटल्या तेवढं सांगा, मग वखारीत जातो.