चौसष्ट युनिटांचे सत्तावन्न झाले

सोमवार, २५ नोव्हेंबर २०२४. गुरुवारी थँक्सगिव्हिंग, म्हणजे गुरुवार-शुक्रवार कॉलेज बंद. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, आमच्या बोलीत यूसीच्या, अर्जाची मुदत २ डिसेंबरला संपणार होती. कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पहिली दोन वर्षं शिकून पुढे विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येतं अशा कॉलेजात, माझ्यासारख्या ट्रान्सफर काउन्सेलरसाठी वर्षातला हा सगळ्यात धावपळीचा आठवडा असतो. सकाळच्या दुसऱ्या भेटीला एक मुलगी आईला घेऊन आली. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बारावी, पुण्यात इंजिनिअरिंगचं एक वर्ष आणि नंतर वडिलांच्या नोकरीमुळे कॅलिफोर्निया. तिला यूसीच्या डेव्हिस कॅम्पसला स्टॅटिस्टिक्स घ्यायचं होतं. अर्ज भरून तयार होता, फक्त ‘एकदा बघून द्या’ एवढंच काम.

आईसमोर बोलण्याआधी मुलीची लेखी संमती घेतली. इथे कॉलेजात नाव घातलं की वय काहीही असो, नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याचा असतो. फी कोण भरतं याने त्यात फरक पडत नाही. आईंना हे जरा विचित्र वाटलं, पण मुलीने लगेच सही केली.

तिने स्वतः केलेला हिशेब असा होता. पहिल्या वर्षी क्वार्टर पद्धतीच्या (वर्षात तीन छोटी मुख्य सत्रं) कॉलेजात ४५ युनिट, म्हणजे क्रेडिट. मग घर बदललं म्हणून सेमिस्टर पद्धतीच्या (वर्षात दोन मोठी सत्रं) आमच्या कॉलेजात उन्हाळ्यात ६, आता चालू असलेली १४ आणि वसंत सत्रासाठी ठरवलेली १४, म्हणजे ३४. यूसीला तिसऱ्या वर्षात प्रवेश घ्यायचा तर ६० सेमिस्टर युनिट किंवा ९० क्वार्टर युनिट लागतात. क्वार्टरचं एक युनिट म्हणजे सेमिस्टरचं दोन तृतीयांश, म्हणून ४५ चे ३० झाले. ३० आणि ३४ मिळून ६४. गणित बरोबर होतं. चूक होती ती काय मोजायचं यात.

मी असिस्ट उघडलं. कॅलिफोर्नियातल्या सरकारी कॉलेजांमधले कोर्स कुठे, कशाच्या बदल्यात चालतात याची ही अधिकृत नोंद आहे आणि ती फुकट पाहता येते. तिथे दोन वेगळ्या गोष्टी पाहाव्या लागतात. एक, कोर्स यूसीला मुळात चालतो का. दोन, आपल्या विषयासाठी त्या कॅम्पसच्या कोणत्या कोर्सच्या जागी तो धरला जातो. मुलं बहुतेक वेळा दुसरी यादी पाहतात आणि पहिली राहून जाते.

पहिल्याच यादीत तिचा उन्हाळ्यातला ३ युनिटांचा ऑफिस सॉफ्टवेअरचा कोर्स अडकला. तो कॅल स्टेटला, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या सरकारी विद्यापीठाला चालतो, यूसीला नाही. कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर तो दिमाखात बसलेला असतो, म्हणून फसगत होते. ६४ चे ६१ झाले.

दुसरी अडचण जास्त जिव्हारी लागणारी होती. पहिल्या कॉलेजात तिने स्टॅटिस्टिक्सचा कोर्स केला होता, ग्रेड बी. याच विषयात पुढे जायचं तर ए हवा, असं वाटून तिने आमच्याकडे ४ युनिटांचा तोच कोर्स चालू सत्रात पुन्हा घेतला होता आणि मन लावून करत होती. यूसीचा नियम असा, की सी किंवा त्याहून चांगली ग्रेड असलेला कोर्स पुन्हा केला तर दुसऱ्या वेळची ना युनिट धरली जातात ना ग्रेड. सीपेक्षा कमी ग्रेड असेल तरच पुन्हा करण्याला अर्थ आहे. कॉलेज वेगळं, कोर्सचा क्रमांक वेगळा, तरी मजकूर तोच असेल तर पुनरावृत्तीच. आणखी चार गेली. ६१ चे ५७.

अर्जाच्या वेळी ६० पूर्ण झालेले नसले तरी बिघडत नाही, कारण अर्जात ठरवलेले कोर्सही लिहायचे असतात. पण वसंत सत्र संपेपर्यंत ६० भरलेच पाहिजेत. ‘उरलेली तीन युनिट जूनमध्ये करीन’ असं पुष्कळजण म्हणतात. फॉलला, म्हणजे उन्हाळ्यानंतरच्या सत्राला, प्रवेश घ्यायचा तर किमान पात्रतेसाठी शेवटचा उन्हाळा धरला जात नाही. इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स आणि गणित यांनाही हीच मुदत. तिचा इंग्रजीचा दुसरा कोर्स वसंतात होता, म्हणजे वेळेत.

मग मी विषयाची यादी उघडली आणि खरी अडचण तिथे दिसली.

क्वार्टर कॉलेजात कॅल्क्युलस चार भागांत शिकवतात: १ए, १बी, १सी, १डी. सेमिस्टर कॉलेजात तेच तीन भागांत. तिने तिकडे १ए आणि १बी केले. इकडे आल्यावर ‘दोन झाले, आता तिसरा’ असं धरून तिला कॅल्क्युलस तीनला बसू दिलं गेलं. पण १बी म्हणजे कॅल्क्युलस दोन नव्हे. १बी इंटिग्रलपाशी थांबतो. अनंत श्रेणी १सीमध्ये येतात आणि सेमिस्टरवाले त्या कॅल्क्युलस दोनमध्येच उरकतात. या दोन पद्धतींच्या मधल्या फटीत अख्खा धडा गळाला होता. डेव्हिस स्वतः क्वार्टरवर चालतं आणि त्यांच्या कॅल्क्युलसच्या २१सी या कोर्समध्ये याच श्रेणी आहेत. एका कॉलेजचे पहिले दोन तुकडे आणि दुसऱ्याचा तिसरा, अशी जोडणी असिस्टवर कुठेच नसते. कोणता कोर्स कशाच्या जागी धरायचा याचा करार प्रत्येक कॉलेजशी वेगळा असतो आणि मालिकेत सगळे तुकडे एकत्र मागितलेले असतात.

म्हणून मी प्रत्येकाला सांगते: कॅल्क्युलस, फिजिक्स किंवा केमिस्ट्रीची मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवा. कॉलेज बदलायचंच असेल तर मालिका संपल्यावर बदला. ऑगस्ट २०२५ पासून कम्युनिटी कॉलेजांमध्ये इंग्रजी, स्टॅटिस्टिक्स अशा काही कोर्सना सगळीकडे एकच क्रमांक आला आहे. ते फार चांगलं आहे. पण क्वार्टर आणि सेमिस्टरमधली ही फट त्याने बुजत नाही.

मुलगी रडवेली झाली होती. “मॅडम, मी इथेच कॅल्क्युलस दोन घेऊ का?” वरवर योग्य वाटतं, पण त्याचा निम्मा भाग १बीमध्ये होऊन गेलाय. ४ युनिटांचा कोर्स घेऊन यूसी त्यातली युनिट कापणार, म्हणजे ६० पुन्हा लटकणार.

उत्तर जुन्या कॉलेजातच होतं. तिथलं हिवाळी क्वार्टर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं आणि मार्चअखेरीस संपतं, म्हणजे वसंत सत्राच्या मुदतीच्या बरंच आत. १सी तिथे ऑनलाइनही होता. ५ क्वार्टर युनिट म्हणजे ३.३३ सेमिस्टर युनिट. ५७ अधिक ३.३३, बरोबर ६०.३३. फटही भरते आणि साठही भरतात. फी रहिवाशांसाठी क्वार्टर युनिटला ३१ डॉलर, म्हणजे १५५ डॉलर आणि वरचे किरकोळ आकार. मधली सत्रं चुकल्यामुळे कॉलेजचा अर्ज पुन्हा भरावा लागला, पण १बी तिथलाच असल्याने पूर्वअटीचा प्रश्न आला नाही. वर्ग भरलेला होता, वेटलिस्टवर तिचा क्रमांक तिसरा. अशा वेळी पहिल्या दिवशी हजर राहायचं आणि प्राध्यापकांना आधी ईमेल करायची. पहिल्या आठवड्यात गळती होतेच.

अर्जात ‘हिवाळा २०२५’ जोडून १सी ‘ठरवलेला’ म्हणून लिहिला. जागा मिळाली नाही तर जानेवारीत यूसीचा शैक्षणिक अद्ययावत फॉर्म उघडतो, तो ३१ जानेवारीपर्यंत भरून बदल कळवायचा. जे अर्जात लिहिलं आणि जे केलं यात तफावत ठेवून गप्प बसणं, हे मिळालेला प्रवेश रद्द होण्याचं नेहमीचं कारण आहे.

मग मी विचारलं, पुण्याचं वर्ष कुठे आहे? तिने ते लिहिलंच नव्हतं. दोन विषय राहिले होते, आणि ‘तसंही धरणार नाहीत’ असं कोणीतरी सांगितलेलं. धरोत न धरोत, बारावीनंतर जिथे जिथे नाव घातलं ते प्रत्येक कॉलेज अर्जात यायलाच हवं, नापास विषयांसकट. गुण मार्कशीटवर आहेत तसेच लिहायचे, त्यांचे ए-बी-सी करायचे नाहीत. यूसीला बाहेरच्या संस्थेकडून मूल्यांकनही लागत नाही, कॅम्पस स्वतः तपासतो. विद्यापीठाची अधिकृत ट्रान्सक्रिप्ट मात्र १ जुलैपर्यंत पोचली पाहिजे, म्हणून पुण्यातल्या मामांना डिसेंबरातच कामाला लावा, असं आईंना म्हटलं.

आई इतका वेळ गप्प होत्या. हळूच म्हणाल्या, “ताई, आमचीच चूक झाली. हिला इंग्रजी माध्यमात घालायला हवं होतं.”

मला तेव्हा फार बरं वाटलं, कारण याच प्रश्नाचं उत्तर माझ्यापुढच्या कागदावर होतं. ही मुलगी २०२३ मध्ये सुरू झाल्याने तिला सामान्य शिक्षणाची, म्हणजे मुख्य विषयाबाहेरच्या आवश्यक कोर्सांची, जुनी चौकट लागू होती, आयगेट्सी. (२०२५ च्या फॉलपासून नव्यांना कॅल-गेट्सी.) आयगेट्सीत यूसीसाठी इंग्रजीव्यतिरिक्त एक भाषा यावी लागते. मुलं त्यासाठी स्पॅनिशच्या वर्गात ५-५ युनिट घालतात. परदेशातला दुसरा कुठलाही अभ्यास आयगेट्सीत चालत नाही, पण या एका अटीला चालतो: सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षं इंग्रजी नसलेल्या माध्यमात चांगल्या गुणांनी केलेली असली की अट पूर्ण. हिची सहावी ते दहावी, पाच वर्षं, मराठीत. वसंतातल्या १४ युनिटांत तिने स्पॅनिश धरलंच होतं.

कागद लागतात ते असे: त्या वर्षांची प्रगतिपुस्तकं, इंग्रजी भाषांतरासह, आणि माध्यमाचा स्पष्ट उल्लेख. उल्लेख नसेल तर मुख्याध्यापकांचं शाळेच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्याचं पत्र. आईंनी तिथेच शाळेतल्या एका बाईंना व्हॉट्सअॅप केला. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते, तरी पाच मिनिटांत उत्तर आलं: उद्या सकाळी देते.

स्पॅनिश काढलं तर ५ युनिट जातात, हे मुलीच्याच लक्षात आलं. त्या जागी तिने ४ युनिटांचा लिनियर अल्जेब्रा घेतला, आणि ३ युनिटांचा आणखी एक कोर्स. ६०.३३ वर उभं राहणं धोक्याचं आहे, मे महिन्यात एक कोर्स सोडला की प्रवेश जातो. पाच गेले, सात आले, ६२.३३. तिने कागदावर बेरीज दोनदा केली, मग तिसऱ्यांदा मला करायला लावली.