लडाखमधल्या पँगाँग तलावाच्या वाटेवर फिया आणि पिका: बेळगावहून जाणाऱ्यांसाठी

"मार्मोट जागोजागी, पिका तर पायात येतात," असं सांगून आपल्याच गावच्या टूरवाल्यानं बुकिंग घेतलं. पायात आले ते मुगलिब गावाच्या पुढचे मार्मोट, म्हणजे खारीच्या कुळातले गुबगुबीत प्राणी, लडाखी लोकांचे फिया. टुरिस्टांची बिस्किटं खाऊन सुस्तावलेले, भोवती मोबाइलवाल्यांचा गराडा. वर ड्रायव्हरनं त्या थांब्याचे वेगळे पंधराशे मागितले! लेहच्या टॅक्सी युनियनचं दरपत्रक असतं, त्याचा फोटो जवळ ठेवा. तो दाखवला तेव्हा कुठं गडी गप्प बसला. बिस्किटं तर मुळीच घालू नका. हिवाळ्याचे सहा-एक महिने बिळात झोपून काढायचे असतात फियाला, ती चरबी गवतावरच चढायला हवी.

पिका बघायचा तर लेह-पँगाँग रस्त्यावरची चांग ला खिंड ओलांडल्यावर. खिंडीतला बोर्ड, चहा, सेल्फी सगळं सोडा. उतारावर दगडांची रास दिसली की गाडी बंद करायची आणि गप्प बसायचं. आमच्यासमोर एक आला: मोठे गोल कान, शेपटीचा पत्ता नाही, तोंडात गवताची आडवी काडी. दिसायला उंदीर, जात सशाची. हा हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून उन्हाळाभर गवत साठवतो. यांच्यातही दोन जाती: मोठ्या कानांचा पिका दगडांच्या फटीत राहतो, लडाखी पिका उंचावरच्या कुरणात बिळं करतो. त्यामुळे 'कुठंही दिसतो' ही शुद्ध थाप.

आता तो चांग लाचा रस्ता. पावसाळ्यात जांबोटी-चोर्ला ज्यानं काढलाय त्याला खड्ड्यांचं भय नाही. पण इथं दुपारनंतर बर्फाचं पाणी रस्त्यावर येतं, चिखलात एक ट्रक रुतला की मागं रांग, आणि तुम्ही सुमारे 5,360 मीटरवर डोकं धरून बसलेले. आमच्यातल्या एकाला तिथंच उलट्या सुरू झाल्या. तो राजहंसगड न थांबता चढणारा, बरं का! बेळगाव 750 मीटरच्या आसपास, लेह 3,500. लेहमध्ये किमान दोन दिवस नुसतं पडून राहा, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची का ते बेळगावातच डॉक्टरला विचारून निघा, आणि चांग ला सकाळीच पार करा. ड्रायव्हर नाश्त्यासाठी रेंगाळला तर उठवा त्याला.

नुब्रा, मठ वगैरे छान. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

ऑक्टोबरात मात्र जाऊ नका. फिया बिळात जायला लागलेले असतात, आणि टूरवाले तेव्हाही उन्हाळ्यातलाच फोटो दाखवून ॲडव्हान्स घेतात.