आमच्या गल्लीतून पळणारी मुलगी

अमळनेर तालुक्यातल्या एका गावात मी नववीला विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी आरोग्याच्या तासाला व्यायामाच्या फायद्यांवरचा एक ॲनिमेशन व्हिडिओ लावला. वीस मिनिटं मुलं जागची हलली नाहीत. संपल्यावर पहिला प्रश्न आला, "मॅडम, तसे बूट कितीला येतात?" व्हिडिओतला मुलगा हिरवळीवर पळत होता. आमच्या मैदानाची माती मार्चपासूनच तव्यासारखी तापते, आणि अर्धी मुलं चपलांवर शाळेत येतात. तो व्हिडिओ त्यांच्यासाठी नव्हताच.

मग आपला व्हिडिओ आपणच करायचं ठरवलं. काढलेली चित्रं हलती करणारं पेन्सिल टूडी हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. सेकंदाला १२ चित्रं धरली तर एका मिनिटाला ७२० लागतात, हा हिशेब ऐकून मुलं गप्प झाली. पण चालण्याची ८ चित्रं नीट जमली की तीच पुन्हा पुन्हा फिरवता येतात. वर्गातल्या एका मुलीने ती वहीच्या पाठकोऱ्या कागदांवर काढली. पाऊल टेकलं की गुडघा किंचित वाकतो आणि डोकं खाली येतं, हे तिला कागदावर साधेना. शेवटी मैत्रिणीला व्हरांड्यात दहा वेळा चालायला लावलं आणि स्वतः जमिनीला गाल टेकून पाहिलं. दुसऱ्या दिवशी चित्रातली मुलगी खरंच चालू लागली. मागे आमचीच गल्ली, ओट्यावरची म्हातारी आणि कपाशीच्या काड्यांचा ढीग!

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. हाडं-स्नायू बळकट करणारे प्रकार आठवड्यातून किमान ३ दिवस हवेत. पण दम लागणं म्हणजे नेमकं किती? मध्यम श्रमात बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही. हे आम्ही अहिराणीत घेतलं. एक मैत्रीण विचारते, "तुले दम लागना का व? आते गानं म्हनता येस का?" दुसरी भुलाबाईचं गाणं सुरू करते आणि दुसऱ्या ओळीला श्वास तुटतो. आवाज घुमू नये म्हणून खिडकीला गोधडी टांगून रेकॉर्डिंग केलं.

व्हिडिओ तीन मिनिटांचा, पण मध्ये दोनदा थांबतो. तिथे वर्गाने उठून जागच्या जागी दोरीशिवाय दोरीउड्या मारायच्या. माझ्या मते सगळं बळ त्या थांबण्यात आहे. नुसतं बघून कुणाचं हृदय जोरात धडधडत नाही.

मग प्रत्येकाने आपल्या दिवसाची मिनिटं लिहिली. मळ्यातून अडीच किलोमीटर झपझप चालत येणाऱ्या मुलीची मिनिटं जाऊन-येऊन साठ भरली. चालणं, पाणी भरणं, घरकाम हेही हालचालीत धरतात, हे कळल्यावर ती बाकावर ताठ बसली. वडिलांच्या मोटारसायकलवरून येणाऱ्या मुलाची सातच भरली. पण कापूस वेचून वाकलेल्या पोरीला आणखी व्यायाम कर म्हणणं मला पटत नाही. तिला हवाय खेळ, मोकळेपणी पळणं. आठवीनंतर मुलींचं मैदान सुटतं, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून पालकसभेतही तो व्हिडिओ लावला. एक आई म्हणाली, "मॅडम, पोर मोठी झाली, लोक काय म्हणतील?" दुसरीने विचारलं, "पाळीत पळाली तर चालेल का?" मी म्हटलं, त्रास नसेल तर खुशाल पळू द्या. दुखत असेल तर विश्रांती घेऊ द्या.

सध्या संध्याकाळी साडेपाचला अकरा मुली लंगडी खेळायला येतात. तीन आया बांधावर बसून असतात. आता पाळीवरच्या दुसऱ्या व्हिडिओचं काम चालू आहे. त्यातल्या आईचा आवाज सभेत तो प्रश्न विचारणाऱ्या बाईंनीच दिलाय.